सयाम-ब्रह्मदेश रेल्वे: काम एकच, मग काही छावण्यांत इतके जास्त लोक का मेले?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी. सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जंगलातल्या रेल्वेबद्दल वाचतोय, जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेली, थायलंडमधून ब्रह्मदेशात जाणारी. ढोबळ गोष्टी माहीत आहेत. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच सैनिक हजारोंनी हाती लागले आणि त्यांना जंगलात नेऊन ४१५ किलोमीटरचा मार्ग वर्षभरात पुरा करून घेतला. कैदी ६० हजारांच्या वर, त्यातले १२ हजारांहून जास्त मेले.

मला अडलंय ते दुसरीकडेच. मरणाचं प्रमाण सगळीकडे सारखं नाहीये. एफ फोर्स नावाची तुकडी ७ हजारांची होती, त्यातले ३ हजारांच्या वर गेले. दुसऱ्या कितीतरी तुकड्यांत हे प्रमाण ह्याच्या निम्मंही नाही. आणि जे सैनिकच नव्हते, मलाया, जावा, ब्रह्मदेशातून आणलेले मजूर, त्यांच्यात तर जवळपास निम्मे गेले असा अंदाज वाचला. जंगल तेच, पाऊस तोच, पहारेकरी तेच, भात तोच, मग एवढा फरक कशाने? नुसतं नशीब म्हणून सोडून द्यायला मन तयार नाही. कुणी खोलात वाचलंय का?

आणि ह्यात आपले लोक किती होते? भारतीय सैनिकही सिंगापूरला पकडले गेले होते ना?

दर्यावर्दी

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तराचा निम्मा भाग नकाशात आहे.

आधी ही रेल्वे हवी कशाला होती ते बघू. ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेला रसद जायची समुद्रातून, सिंगापूरला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनला. मिडवेच्या लढाईनंतर जपानचं समुद्रावरचं बळ घटलं, पाणबुड्यांची भीती वाढली, म्हणून जमिनीवरचा रस्ता हवा झाला. थायलंडच्या बाजूने नोंग प्लादुक आणि ब्रह्मदेशच्या बाजूने थानब्युझायात अशा दोन्ही टोकांकडून काम सुरू केलं. इंग्रजांनीही पूर्वी ह्या मार्गाची पाहणी केली होती आणि डोंगर, पाऊस, रोगराई बघून नाद सोडला होता.

आता मुद्दा असा की सगळ्यात वाईट जागा कुठली, तर मधली. दोन्ही टोकांपासून लांब, तीन पॅगोडांच्या खिंडीजवळची. खालच्या छावण्यांना नदीतून होड्या येतात, अंडी मिळतात, भाजी मिळते. वरच्या अंगाला पावसाळ्यात रस्ता म्हणजे गुडघाभर चिखल, ट्रक अडकलेले, तांदूळ पोचला तरी भिजून कुजलेला. एफ फोर्सला नेमकं तिथे टाकलं आणि तेही एप्रिल-मे १९४३ मध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना.

ती माणसं निघतानाच धड नव्हती. सिंगापूरच्या चांगी छावणीत सांगण्यात आलं की तुम्हाला चांगल्या हवेच्या, भरपूर अन्नाच्या ठिकाणी नेतोय, तेव्हा आजारी लोकांनाही बरोबर घ्या. म्हणून बरेच आजारी, अशक्त लोक निघाले, वाद्यं घेतली, अगदी एक पियानोसुद्धा घेतला. बंद लोखंडी मालडब्यांत कोंबून त्यांना थायलंडमधल्या बान पोंगला उतरवलं आणि तिथून पुढे जवळजवळ ३०० किलोमीटर पायी, रात्रीच्या वेळी, जंगलातून. सामान, औषधाच्या पेट्या बान पोंगलाच राहिल्या. म्हणजे कामाचा पहिला दिवस उजाडायच्या आतच ते लोक संपत आले होते. वाटेतल्या छावण्यांत कॉलरा होता, तो त्यांच्याबरोबर वर गेला.

अजून एक भानगड, आणि ही मला सगळ्यात संतापजनक वाटते. एफ फोर्स कागदोपत्री मलायाच्या युद्धकैदी प्रशासनाखाली राहिली, थायलंडच्या नाही. त्यामुळे थायलंडमधल्या कचेरीला ती आपली जबाबदारी वाटेना आणि सिंगापूर तर शेकडो मैल लांब. सात हजार माणसं दोन कचेऱ्यांच्या मधल्या फटीत पडली.

वैद्यकी

दर्यावर्दींनी भूगोल छान सांगितला. मी औषधपाण्याच्या बाजूने लिहिते, माझा जीव त्यातच अडकलाय.

तिथे माणसं मारणारे रोग म्हणजे कॉलरा, आमांश, मलेरिया, बेरीबेरी आणि ते चिघळणारे व्रण. पॉलिशच्या तांदळावर महिनोन् महिने राहिलं की बी जीवनसत्त्व संपतं, पाय सुजतात, हृदय थकतं, ती बेरीबेरी. शरीर असं पोखरलेलं असताना बांबूचा साधा ओरखडा जरी पायाला लागला तरी तो आठवड्याभरात हाडापर्यंत जायचा. औषध नाही, म्हणून धारदार केलेल्या चमच्याने सडलेला भाग खरवडून काढायचे, भूल न देता, आणि दोन-तीन माणसं त्याला धरून बसायची. त्यानेही नाही भागलं तर पाय कापायचा. ब्रह्मदेशच्या बाजूला ५५ किलोमीटरवरच्या छावणीत अल्बर्ट कोट्स नावाच्या ऑस्ट्रेलियन सर्जनने असे शंभराच्या वर पाय कापले, झोपडीत, साधी करवत वापरून. थायलंडच्या बाजूला चुंगकाईच्या छावणीत जेकब मार्कोविट्झ नावाचा कॅनडाचा डॉक्टर होता, त्याने रक्त द्यायची सोय केली. रक्त गोठू नये म्हणून ते ढवळून त्यातला गुठळी करणारा भाग काढून टाकायचे, गाळायचे आणि लगेच रोग्याला द्यायचे. जंगलात, बर्फ नाही, बाटल्या नाहीत.

कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ जाऊन. म्हणून पाणी उकळून, त्यात जाडं मीठ विरघळवून, स्टेथोस्कोपची रबरी नळी आणि बांबूची सुई जोडून शिरेत सलाईन द्यायचे. काही जण वाचले ते त्यावर.

पण पाऊलखुणा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ह्या शस्त्रक्रियांत नाही, ते उकळत्या पाण्याच्या पिंपात आहे. ज्या छावणीत अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी हट्टाने नियम लावले की उकळल्याशिवाय एक घोट पाणी नाही, जेवायच्या आधी प्रत्येकाचं भांडं उकळत्या पाण्यात बुडवायचं, संडासाचे खड्डे खोल आणि पाण्यापासून लांब, पटकीचा रोगी लगेच वेगळा, गेलेल्याला बांबूच्या चितेवर जाळायचं, तिथे साथ आटोक्यात यायची. दिवसभर राबून आलेल्या माणसाला जळण गोळा करायला लावणं हे किती जिवावर येणारं काम असेल. तरी लावलं, म्हणून वाचले.

डच कैद्यांचं उदाहरण बघा. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन साधारण पाचात एक ह्या प्रमाणात गेले, डच त्यापेक्षा बरेच कमी, सुमारे १५ टक्के. त्यांच्यातले कितीतरी जावा-सुमात्रातच वाढलेले, रानातली भाजी कुठली खायची, पाणी कसं ठेवायचं हे अंगवळणी पडलेलं. टेक्सासच्या तोफखान्यातले आणि बुडालेल्या ह्यूस्टन जहाजावरचे अमेरिकन कैदी होते, त्यांच्या एका गटाला हेन्री हेकिंग नावाचा डच डॉक्टर लाभला, जावातच जन्मलेला, झाडपाल्याची माहिती असलेला. ते लोक आयुष्यभर त्याचं नाव काढत होते.

मेघना_स

वैद्यकी ताई, तुमचा सगळा मजकूर पटला तरी एका गोष्टीने अस्वस्थ झाले म्हणून लिहितेय. शिस्त होती ते वाचले असं म्हणताना नकळत असं होतं की मेले ते शिस्त नव्हती म्हणून. मारणारा कोण होता हे आधी ठळक लिहायला पाहिजे.

१९४३ च्या सुरुवातीला टोकियोहून मुदत अलीकडे ओढली गेली. वर्षअखेरचं काम ऑगस्टपर्यंत पुरं करा. इंजिनिअरांच्या दोन रेजिमेंट होत्या, थायलंडच्या बाजूला नववी, ब्रह्मदेशच्या बाजूला पाचवी. त्यांना रूळ पुढे सरकलेले दाखवायचे होते आणि माणसं हा त्यांच्या लेखी खर्च होणारा माल होता. कैदी त्या काळाला स्पीडो म्हणायचे, पहारेकरी दिवसरात्र तेच ओरडायचे म्हणून. सकाळी हजेरीला इंजिनिअर आकडा सांगणार, आज इतकी माणसं हवीत. डॉक्टर म्हणणार, इतकी उभीच राहू शकत नाहीत. मग आजाऱ्यांची रांग लावून त्यातून कमी आजारी निवडायचे. काहींना सोबत्यांनी पाठीवर घेऊन कामावर नेलंय, बसून दगड फोडायला. आणि आजारी म्हणून मागे राहिला की रेशन कमी, मजुरी बंद. म्हणजे ज्याला जास्त खायची गरज त्याच्याच ताटातलं काढायचं. ह्याला मी दुसरा शब्द लावूच शकत नाही, खून आहे हा.

हेलफायर पास (नरकाग्नीची खिंड) म्हणतात ती थायलंडमधली कोन्यूची खिंड अशीच खोदली. एक खोदकाम पाऊणशे मीटर लांब आणि २५ मीटर खोल, जवळजवळ सगळं हातांनी. एकाने लांब पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, भोक पुरेसं खोल झालं की सुरुंग, मग फुटलेला दगड टोपल्यांतून आणि नुसत्या हातांनी बाहेर. स्पीडोत तिथे अठरा अठरा तास काम चालायचं. रात्री बांबू पेटवून त्या उजेडात हाडाचे सापळे झालेली माणसं घण मारतायत, वरून पहारेकऱ्यांच्या सावल्या, ते बघून त्या जागेला हे नाव पडलं. एडवर्ड डनलॉप, ज्यांना सगळे वेअरी म्हणायचे, ते ह्याच भागातल्या छावण्यांत होते, स्वतः सर्जन. आजाऱ्यांना कामावर नेऊ नये म्हणून ते इंजिनिअरांसमोर उभे राहायचे, मार खायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

जपानने १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली होती पण त्याला मान्यता दिलीच नव्हती. अधिकाऱ्यांना अंगमेहनतीचं काम लावू नये वगैरे कलमांना तिथे काडीची किंमत नव्हती.

पाऊलखुणा

मेघना, बरोबर आहे तुमचं, प्रश्न विचारताना माझा रोख तो नव्हता पण हे लिहिलं गेलं ते बरं झालं.

मग आता मजुरांबद्दल कुणीतरी सांगा ना. वर ज्या ज्या गोष्टींनी माणसं वाचली म्हणून सांगितलंत, डॉक्टर, अधिकारी, नियम, ह्यातलं त्यांच्याकडे काय होतं?

रबराचा मळा

काहीच नव्हतं. मी ह्याच विषयावर अनेक वर्षं वाचतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

त्यांना रोमुशा म्हणत. एकूण संख्या १ लाख ८० हजार ते अडीच लाखांच्या मध्ये धरतात आणि मेलेले निदान ९० हजार. म्हणजे गोऱ्या कैद्यांच्या कितीतरी पट. ब्रह्मी, जावानीज, मलय, चिनी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. मळ्यांवर तमिळ कुटुंबं इंग्रजांच्या काळापासून वसलेली होती. युद्ध आलं, रबराला गिऱ्हाईक उरलं नाही, मळे बंद, घरात खायला नाही. अशा वेळी जपान्यांनी जाहीर केलं की थोड्या महिन्यांचं काम आहे, रोज एक डॉलर मजुरी, राहायला घर, खायला अन्न. बरेच जण त्यावर विसंबून गेले, कुणी बायकामुलांना घेऊन गेले. मग खबर परत यायला लागली, म्हणजे खरं तर गेलेली माणसं परत येईनात, तेव्हा लोक जायला तयार होईनात. त्यानंतर सरळ धरपकड. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून लोकांना जमवायचं, दारं बंद करायची आणि तिथूनच गाडीत भरायचं, असंही झालंय.

आता वैद्यकी ताईंनी सांगितलेली यादी समोर ठेवा. युद्धकैदी कितीही हलाखीत असले तरी ते एक सैन्य होतं. त्यांचे कर्नल, कॅप्टन, सार्जंट त्यांच्याबरोबर होते, डॉक्टर होते, स्वयंपाकी होते, खड्डे खणायची सवय होती, कुणीतरी हुकूम दिला की तो पाळायची सवय होती. अधिकाऱ्यांना थोडा पगार मिळायचा, त्यातला काही भाग कापून आजाऱ्यांसाठी बदकाची अंडी घ्यायचे. कांचनबुरीचा बून पोंग नावाचा थाई व्यापारी होडीतून भाजी पुरवता पुरवता चोरून औषधं आणि पैसे पोचवायचा, पकडला असता तर जीव गेला असता. ह्या सगळ्याला कुणीतरी घ्यायला, वाटायला, हिशोब ठेवायला समोर होतं.

मळ्यावरची माणसं वेगवेगळ्या गावची, वेगवेगळ्या भाषांची, एकमेकांना न ओळखणारी. पाणी उकळा असं सांगणारा कुणी नाही, सांगितलं तरी भांडं नाही. ताप आला, जुलाब लागले की माणूस तिथेच पडून राहायचा. कॉलरा आला की घाबरून लोक छावणी सोडून जंगलात पळायचे, पळालेले वाटेत मरायचे आणि साथ पुढच्या छावणीपर्यंत पोचायची. ज्या कैद्यांना ह्या छावण्यांजवळून जायची वेळ आली त्यांनी लिहून ठेवलंय की आपल्यापेक्षा वाईट अवस्था कुणाची असू शकेल असं त्यांना तोवर वाटलंच नव्हतं. सिंगापूरहून युद्धकैदी डॉक्टर आणि अर्दलींच्या दोन तुकड्या ह्या मजुरांसाठी पाठवल्या होत्या, के आणि एल फोर्स म्हणून, पण त्या आल्या जून-ऑगस्ट १९४३ मध्ये, तोवर साथ हाताबाहेर गेलेली.

आणि मेल्यानंतरचं. युद्ध संपलं तसं १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांनी माणसं पाठवली, त्यांनी रूळांच्या कडेकडेने फिरून कैद्यांच्या दहा हजारांहून जास्त कबरी शोधल्या. शोधता आल्या कारण कैद्यांनी याद्या ठेवल्या होत्या, लपवून, कुठे कोण पुरलाय त्याचे नकाशे केले होते. आज कांचनबुरीच्या स्मशानभूमीत जवळजवळ ७ हजार कबरी आहेत, बहुतेकांवर नाव, वय, रेजिमेंट. चुंगकाईला आणि थानब्युझायातला आणखी. रोमुशांची यादी कुणी केली नाही. सामूहिक खड्डे होते, त्यातला एक कांचनबुरीत १९९० मध्ये खोदकाम करताना सापडला. माझ्या मते ह्या रेल्वेबद्दल कुठेही लिहायचं तर सुरुवात ह्या माणसांपासून करायला हवी, ती नेहमी शेवटच्या परिच्छेदात येतात.

दर्यावर्दी

रबराचा मळा, मनापासून आभार. ही बाजू इतक्या तपशिलात मराठीत मी पहिल्यांदा वाचली.

भारतीय सैनिकांचं राहिलं होतं ते लिहितो. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारी १९४२ ला, सिंगापूरच्या फॅरर पार्कवर भारतीय जवानांना गोऱ्यांपासून वेगळं करून जपान्यांच्या स्वाधीन केलं गेलं. तिथेच मोहन सिंगांनी आझाद हिंद सेनेसाठी हाक दिली. बरेच गेले, बरेच नाही गेले. जे नाही गेले त्यातल्या हजारोंना जहाजात घालून न्यू गिनी, न्यू ब्रिटन अशा बेटांवर हमालीला पाठवलं आणि त्यांचेही हाल कुत्रा खाणार नाही असे झाले. ह्या रेल्वेवर बांधकामाला जे युद्धकैदी होते ते मुख्यतः ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन आणि थोडे अमेरिकन. म्हणजे तुमच्या प्रश्नातले "आपले लोक" रेल्वेवर होते ते तमिळ मजुरांच्या रूपात, गणवेशातले नाही.

तारखाही बघा. १७ ऑक्टोबर १९४३ ला कोनकोइताजवळ दोन्हीकडचे रूळ जुळले आणि २१ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये नेताजींनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं. पुढे आझाद हिंद सेनेचे जवान ह्याच मार्गाने ब्रह्मदेशात गेले, इंफाळच्या मोहिमेची रसदही ह्याच मार्गाने. ज्या स्लीपरखाली मळ्यावरचे तमिळ गाडले गेले त्यावरून तमिळ जवानच देश स्वतंत्र करायला चालले होते, कारण आझाद हिंद सेनेत मलायातले तमिळ खूप होते. ह्या दोन गोष्टी एकत्र मनात ठेवणं मला तरी जड जातं.

अक्षयवट

कैद्यांच्या याद्यांचा विषय निघालाय म्हणून थोडी भर. वही सापडली तर मारहाण, कधी त्याहून वाईट, तरी लोक लिहीत होते. डनलॉप ह्यांनी रोजनिशी ठेवली. जॅक चॉकर आणि रोनाल्ड सर्ल हे चित्रं काढायचे, व्रणांची, ऑपरेशनची, चालत जाणाऱ्या सापळ्यांची, आणि ती बांबूच्या पोकळीत किंवा जमिनीत पुरून ठेवायचे. सर्लने तर काही चित्रं कॉलऱ्याच्या रोग्यांच्या अंथरुणाखाली ठेवली, तिथे पहारेकरी हात लावायला धजायचे नाहीत.

बाहेरच्या जगाला मात्र बराच काळ काहीच पत्ता नव्हता. घरी जायचं ते छापील कार्ड, त्यावर मोजके शब्द, मी बरा आहे. रेल्वे पुरी झाल्यावर धडधाकट उरलेल्यांना जपानला कारखान्यांत, खाणींत न्यायला जहाजांत भरलं. त्यातलं राकुयो मारू हे जहाज १२ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकन पाणबुडीनेच बुडवलं, आत कैदी आहेत हे माहीत नव्हतं. काही दिवसांनी परत तिथे गेलेल्या पाणबुड्यांना तेलाने माखलेली, तराफ्यांना धरून असलेली माणसं सापडली आणि त्यांच्या तोंडून ह्या रेल्वेची सविस्तर हकीकत पहिल्यांदा मित्रराष्ट्रांना कळली. म्हणजे जंगलातून जिवंत सुटले, आपल्याच बाजूच्या टॉर्पेडोने समुद्रात पडले, त्यातून वाचले त्यांनी सांगितलं म्हणून कळलं.

युद्धानंतर खटले झाले, शंभरावर लोकांना शिक्षा, ३२ जणांना फाशीची शिक्षा. त्यात कोरियन पहारेकरीही होते, जे स्वतः जपानच्या वसाहतीतून भरती करून आणलेले.

पाऊलखुणा

सगळ्यांचे आभार. अक्षयवट, ती पाणबुडीची गोष्ट माहीतच नव्हती. पुढे मागे कांचनबुरीला जायचा विचार आहे. काय बघावं आणि काय टाळावं?

मेघना_स

मी जाऊन आलेय. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून साधी गाडी जाते, कांचनबुरीवरून पुढे नाम टोकपर्यंत. जुन्या मार्गाचा थायलंडमधला एवढाच भाग चालू आहे, पुढचे रूळ काढून टाकले. कांचनबुरीत क्वाय नदीवरच्या प्रसिद्ध रेल्वे पुलावर प्रचंड गर्दी असते, फोटो चाललेले असतात, तो बघाच पण तिथेच दिवस घालवू नका. कमानीसारखे लोखंडी गाळे जुने, मधले सरळ आहेत ते बॉम्बहल्ल्यात पडल्यानंतर युद्धानंतर बसवलेले. गाडीने पुढे गेलात तर थाम क्रासेला कड्याला चिकटून लाकडी खांबांवर उभा असलेला वांपोचा मार्ग लागतो, तिथे गाडी अगदी हळू चालते.

हेलफायर पासला मात्र अर्धा दिवस तरी द्या. ऑस्ट्रेलियाने उभारलेलं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, खाली पायऱ्या उतरून खिंडीतून चालत जाता येतं, भिंतींवर पहारीची भोकं अजून दिसतात. सकाळी लवकर जा, दुपारी उकाडा असह्य होतो, पाणी बरोबर ठेवा. गावातल्या मोठ्या स्मशानभूमीसमोरच थायलंड-बर्मा रेल्वे सेंटर म्हणून एक संग्रहालय आहे, मॉडेल आणि नकाशे तिथे फार चांगले आहेत, ते आधी बघून मग खिंडीत गेलात तर समोर काय आहे ते जास्त कळेल. रोमुशांबद्दलही तिथल्या लोकांना विचारा, माहिती देतात.